मिशी तेवढी माझी

३ मार्च १९९६

डॉक्टर व्यंकटरमण म्हणाले, "सांबशिवराव, रागावर गोळी नाही. ओरडायचं बंद करा. अगदीच आवरेना तर कागदावर काढा." रक्तदाब वाढला आहे म्हणे. सरकारी कचेरीत वीस वर्षं हेडक्लार्कच्या टेबलापर्यंत चढत आलेल्या माणसाचा रक्तदाब वाढणार नाही तर काय होईल? पण फी दिली आहे, तेव्हा सल्ला पाळतो.

लिहितो आहे ते देवनागरीत. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं पुष्कळ, देवनागरी वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितात. मला वडिलांनी छडी घेऊन ही अक्षरं शिकवली. त्याचा खरा उपयोग आज कळला. बायकोला हे वाचता येणार नाही.

आजचे राग दोन. पहिला, काल दिल्लीत वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये आपण श्रीलंकेकडून हरलो. दुसरा, दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. वरलक्ष्मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते, आणि महिनाभर घरात जिकडे तिकडे तिचे रंगवलेले कागद वाळत पडले आहेत. काल माझ्या खुर्चीवर एक वाघ वाळत होता. शाळेच्या प्रदर्शनाचं काही असेल. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

१४ मार्च

काल कलकत्त्यात जे झालं त्यावर मी काही लिहिणार नाही. लिहिलं तर डॉक्टरांची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

एवढंच लिहितो. आठाच्या सुमाराला आपले गडी एकामागून एक परत चालले होते. नेमकी तेव्हा आमची मुलगी विद्या येऊन टीव्हीसमोर उभी राहिली. सात वर्षांची घोडी झाली, पण कोठे उभं राहावं याची अक्कल नाही. छातीशी गोष्टीचं पुस्तक धरलेलं.

"अप्पा, एकच पान."

मी असा खेकसलो की पलीकडच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. तेवढ्यात आणखी एक विकेट गेली आणि ती मला दिसली नाही. वरलक्ष्मी आली, पोरीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मग बराच वेळ आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. इकडे लोक मैदानावर बाटल्या फेकताहेत, देशाची लाज जाते आहे, आणि या हसताहेत! माणसाला आपल्या घरात कोणी परकं वाटावं ते असं.

१८ मार्च

हे लिहिण्यासारखं नाही. तरी लिहितो.

सकाळी कचेरीत रघोजी माझ्या टेबलाशी आला. हा आमच्याच गल्लीतला, शाळेपासूनचा, कधी सरळ बोलायचा नाही. म्हणाला, "राव, तुमचें चित्र लागलंय दक्षिण वीथीवर. पाहिलांत कां?"

मला वाटलं इलेक्शनची पोस्टरं लागली आहेत त्यावरून काही थट्टा असेल. जेवणाच्या सुटीत सायकल काढून गेलो. कृष्णाजीचं छापखान्याचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं करतो. रंगीत काम हल्ली शिवकाशीहून छापून आणतो. दाराच्या आत दोरी बांधून त्याने शिवकाशीहून आलेले नमुन्याचे कागद टांगले होते. बाहेर पाच-सहा माणसं उभी राहून पाहत होती, आणि सगळ्या कागदांवर मी होतो.

बनियन घातलेला मी. लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला मी. पोट. चष्मा कपाळावर. आणि मिशी! माझी मिशी उजवीकडे थोडी जास्त उतरते, न्हावी कितीही सारखी करो. चित्रातली मिशीही उजवीकडे उतरते. ही गोष्ट तंजावुरात दोनच माणसांना ठाऊक असेल, न्हाव्याला आणि बायकोला.

पोरांचं चित्रांचं पुस्तक आहे. नाव "अप्पा, पुढचें पान!" आमच्या बोलीत, तमिळ अक्षरांत. गोष्ट अशी. एक अप्पा रोज रात्री पोरीला गोष्ट वाचून दाखवायला बसतो. पहिल्याच पानाला जांभई देतो. दुसऱ्या पानाला पुस्तक उलटं धरतो, मग हत्ती आकाशात आणि ढग खाली. वाघाचं पान लांबलचक म्हणून गुपचूप उलटून टाकतो. पोर पकडते: वाघ कोठे गेला? मग पुस्तकातला वाघच बाहेर येऊन याच्या खांद्यावर पंजा ठेवतो आणि म्हणतो, "अप्पा, माझें पान?" हा दचकून उठतो, वाघाचं पान वाचतो, आणि पुन्हा पेंगतो. मग सुसर येते, माकड येतं, एक सासू येते. शेवटच्या पानावर हा चारी हातपाय पसरून घोरतो आहे, सगळी जनावरं दाटीवाटीने त्याच्यावर चादर घालताहेत, आणि पोर त्याच्या पोटाला टेकून उरलेली गोष्ट स्वतः वाचते आहे.

शिवकाशीच्या मशीनने पोटाला काय सुंदर रंग दिला आहे!

कृष्णाजी दात काढून म्हणाला, "अक्कांचा हात म्हणजे! पाडव्यानंतर पुरें पुस्तक येतें. सभेत प्रकाशन, ठाऊक न्हवे कां तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर हे पुस्तक वाळलं आणि ते मला दुकानात कळलं.

१९ मार्च

विचारलं. म्हणजे सुरुवात विचारण्याने झाली.

"हे माझं चित्र आहे कां?"

"न्हवे," ती म्हणाली. भाजी चिरत होती, मान वर केली नाही.

"मग मिशी कोणाची?"

"मिशी तुमची. तेवढी घेतली. बाकी सगळें मनांतून काढलें."

"पोट?"

तिने आणखी एक शेंग चिरली. "पोट पण तुमचें."

"मग उरलं काय?"

यावर तिने पाहिलं माझ्याकडे. नवरा-बायको म्हणून आम्ही बारा वर्षं एका घरात आहोत, पण हे असं पाहणं माझ्या परिचयाचं नव्हतं. राग नव्हता त्यात. असता तर मला बरं वाटलं असतं, मी उत्तर देऊ शकलो असतो. म्हणाली, "तुम्ही गोष्ट वाचलीत कां? की नुसता तुमचा चेहरा पाहिलांत?"

मग मी ओरडलो. डॉक्टर खड्ड्यात गेले. मी म्हणालो की मी कचेरीत अठरा माणसांवर देखरेख करतो, मी घर चालवतो, इलेक्शनच्या कामात माझी जेवायची वेळ राहिली नाही, आणि माझी बायको मला गावासमोर पेंगणारा विदूषक करते. म्हणालो, हे पुस्तक निघणार नाही. ती पुन्हा भाजी चिरू लागली. विद्या दारात उभी राहून ऐकत होती, ती आत पळाली.

२० मार्च

पाडवा. कडुनिंब खाल्ला. घरात त्यापेक्षा कडू काही बोलायला कोणी तोंड उघडलं नाही.

२३ मार्च

माझ्या वैऱ्यावरही अशी वेळ न येवो.

तमिळ अक्षरांत छापल्याचा तोटा आज कळला. आमची बोली ज्यांना कळत नाही अशा लोकांनाही ती वाचता येते. रघोजीने कृष्णाजीकडून नमुन्याचं एक पान पैदा केलं आणि आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब कोइमतूरकडचे. त्यांना एक शब्द कळत नाही. पण अक्षर अन् अक्षर जोडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "अप्पा, पुढचें पान!" आणि चित्र पाहिलं, आणि मला पाहिलं, आणि पुन्हा चित्र पाहिलं. अर्थ विचारायची गरज पडली नाही.

दुपारी मी त्यांच्यापुढे एक फाईल ठेवली. सह्या करून पान उलटताना ते म्हणाले, "अप्पा, पुढचें पान!" सगळी कचेरी हसली. शिपाईसुद्धा. संध्याकाळी मला जांभई आली ती मी गिळली, आणि त्याने डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यावरचा चहावालाही "पुढचें पान" म्हणतो. त्याला वाटतं तो आमच्याकडचा नमस्कार आहे.

२५ मार्च

सीतारामरावांकडे गेलो. आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष, मी शाळेत होतो तेव्हाचे हेडमास्तर. अजून त्यांच्यासमोर गेलं की मला आपली नखं लपवावीशी वाटतात.

म्हणालो, "सर, हे प्रकाशन थांबवा. यात माझी बदनामी आहे."

त्यांनी मला थिण्णैवर बसवलं. हा आमच्या घरांचा बाहेरचा ओटा, सगळ्या तक्रारी इथेच होतात. काफी आली. म्हणाले, "सांबशिव, पोरें घरांत आपलें बोलणें ऐकतात आणि उत्तर तमिळमध्यें देतात. तुझी विद्या काय करते?"

"तमिळमध्येंच देते."

"माझी नातवंडें पण. आतां पहिल्यांदा कोणीं त्यांच्यासाठीं त्यांना वाचतां येईल असें काही केलें. आणि तें तुझ्या बायकोनें केलें. तुझें नांव आहे कां त्यांत कोठें?"

"नाव नाही. मिशी आहे."

ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणेन. काफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "एक आहे. सभेची रीत तुला ठाऊक आहे. बाईनें लिहिलेलें असेल तर पहिली प्रत घरच्या यजमानानें घ्यावी लागते. शाल त्याला. तूं स्टेजवर आला नाहींस तर मी प्रकाशन करूं शकत नाही. माझ्या आधीपासूनची रीत. मला ती मोडतां येत नाही."

म्हणजे सगळं माझ्या हातात आहे. मी गेलो नाही की पुस्तक गठ्ठ्यातच पडून राहील.

सायकलवरून येताना बरं वाटत होतं. पण घराच्या वळणावर दुसरा विचार आला. पुस्तक अडवलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, लागलं म्हणून अडवलं. म्हणजे तो मीच हे सिद्ध झालं. नाही. मी जाईन. शाल घेईन. आणि माईक हातात आला की सगळ्या समाजासमोर सांगेन की या पुस्तकातल्या माणसाशी माझा काडीचा संबंध नाही. नावाला लागलेला डाग मी सभेतच धुऊन टाकीन.

२९ मार्च

सीतारामरावांनी वरलक्ष्मीला कळवलं की मी यायला तयार आहे. ती सकाळी शाळेला निघण्याआधी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही याल म्हणून मला वाटलें नव्हतें." डोळे भरून आले होते तिचे. रात्री डांगर पचडी केली, उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली, माझ्या आवडीची, ताक पुढे ठेवलं, तिखट जास्त झालं का म्हणून दोनदा विचारलं.

मला याचाही राग आला. उगाच चांगलं वागून माणसाला अडचणीत टाकायचं ही बायकांची जुनी खोड आहे. दोनदा वाढून घेतली.

२ एप्रिल

नुसतं मी म्हणून कोण ऐकणार? साक्षीदार हवा. पुस्तकात दोनच माणसं आहेत, अप्पा आणि पोर. तेव्हा साक्ष पोरीचीच हवी.

आज वरलक्ष्मी कृष्णाजीच्या दुकानात गेली होती तेव्हा विद्याला समोर बसवलं.

"सभेत मी तुला स्टेजवर बोलावीन. पुस्तक दाखवीन. विचारीन, हा अप्पा मी आहे कां? तू काय सांगायचं?"

तिने विचार केला नाही. "इल्लै," म्हणाली.

"तमिळमध्ये नको. आपल्या भाषेत."

"न्हवे."

"मोठ्याने."

"न्हवे!"

मला वाटलं होतं चॉकलेट द्यावं लागेल, दोन-तीन दिवस तयारी करून घ्यावी लागेल. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच. शेवटी कंटाळून म्हणाली, "ठाऊक आहे, अप्पा. सगळ्यांनाच ठाऊक आहे."

पोर हुशार आहे. आईपेक्षा जास्त कळतं तिला. गेल्या पंधरा दिवसांत या घरात कोणीतरी माझ्या बाजूचं आहे हे आज पहिल्यांदा कळलं आणि जिवाला बरं वाटलं. हे लिहायलाही लाज नाही. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, तोही थोडा उतरला आहे.

७ एप्रिल

सभा झाली. झालं तसं लिहितो.

लग्नाच्या हॉलमध्ये होती. ओरत्तनाडूहून वरलक्ष्मीचं सगळं माहेर एका व्हॅनमधून आलं होतं. पुढच्या ओळीत पोरं. रघोजी दुसऱ्या ओळीत, मजा पाहायला. पंखे होते, पण सगळे स्टेजच्या बाजूला. प्रार्थना झाली, सीतारामरावांचं भाषण झालं, मग माझ्या खांद्यावर पोन्नाडै घातली, ती सत्काराची जरीची शाल, एप्रिलच्या उन्हाळ्यात. पहिली प्रत माझ्या हातात आली. टाळ्या. खालून कोणीतरी "पुढचें पान!" म्हणालं आणि हशा पिकला. मी याचीच वाट पाहत होतो. माईक ओढून घेतला.

म्हणालो, "माझ्या पत्नीच्या कलेचं मला कौतुक आहे. परंतु एक गैरसमज पसरला आहे. या पुस्तकातले गृहस्थ मी आहे असं काही लोक समजतात. मी ते नव्हे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. विद्या, वर ये."

वरलक्ष्मीला हे ठाऊक नव्हतं. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली.

विद्या आली. रेशमी परकर, केसांत मल्लिगैची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं. मी पुस्तक उघडून धरलं, पहिलंच पान, बनियनवाला. माईक तिच्या तोंडाशी नेला.

"सांग सगळ्यांना. हा अप्पा मी आहे कां?"

"न्हवे!" असं खणखणीत म्हणाली की माईक किंचाळला.

मी सभेकडे पाहिलं. रघोजीकडे खास पाहिलं. तिथेच थांबायचं होतं. मी थांबत होतोच. पण सीतारामराव जन्माचे मास्तर, मुलाने उत्तर दिलं की पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. प्रेमाने म्हणाले, "शाबास. कां न्हवे, बाळ? कसें ओळखलेंस?"

विद्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. आपल्या भाषेतच बोलली. घरी दोन वाक्यं सलग बोलत नाही ती, आणि इथे शे-दीडशे माणसांसमोर सगळं बोलली.

"मिशी आमच्या अप्पाची आहे," म्हणाली. लोक हसले. "पोट पण. घोरणें पण, असेंच घोरतात." लोक फार हसले. मी शाल सावरली. ती हसणं संपेपर्यंत थांबली, शाळेत थांबायला शिकवतात तशी. "पण हा अप्पा रोज वाचून दाखवतो. झोंप आली तरी वाचतो. आमचे अप्पा कधीं वाचत नाहीत. म्हणून हा न्हवे."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. हिशेबाच्या तासाला उत्तर कसं आलं ते सांगावं तसं सांगितलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं, बरोबर सांगितलं ना, असं.

कोणी हसलं नाही. रघोजीसुद्धा नाही. तो खाली आपल्या चपलांकडे पाहत होता, आणि त्या माणसाचा मला आजवर आला नव्हता इतका राग तेव्हा आला. हसला असता तर काय बिघडलं असतं? पुढच्या ओळीतल्या एका पोराने आपल्या बापाला काहीतरी विचारलं, आणि बापाने त्याला गप्प केलं.

मग वरलक्ष्मी उठून आली. माझ्या हातातला माईक घेतला, सावकाश, कोणी आजाऱ्याच्या हातातून भांडं घ्यावं तसा. म्हणाली, "आतां गोष्ट वाचूं या." आणि वाचू लागली. तिसऱ्या पानापासून सगळी पोरं ओरडायला लागली, "अप्पा, पुढचें पान!" आपल्या बोलीत, सगळीच्या सगळी. सीतारामराव डोळे पुसत होते. हॉल दणाणून गेला. मी शाल पांघरून तिच्या शेजारी शेवटपर्यंत उभा होतो. खाली उतरायला जिना कोणत्या बाजूला आहे ते आठवेना.

मला हवं होतं तेच झालं. भर सभेत, साक्षीदारासकट, सिद्ध झालं की तो मी नव्हे.

८ एप्रिल

कचेरीत कोणी काही म्हणत नाही. साहेबांनी फाईलवर गुपचूप सही केली आणि पान उलटलं. रघोजीने माझ्यासाठी काफी मागवली. नको म्हणालो. त्याने ती तशीच ठेवली.

संध्याकाळी वरलक्ष्मीला विचारलं. ओरडलो नाही. "हे सगळं सुचलं कोठून तुला? उलटं पुस्तक, वाघाचं पान?"

"मला न्हवे सुचलें," ती म्हणाली. "रोज रात्रीं निजतांना विद्या सांगत असे. आज अप्पा वाचायला बैसले आणि असें झालें, आज अप्पांनीं वाघाचें पान खाल्लें. मी नुसतें काढत गेलें."

"पण मी तर कधी..."

"होय," ती म्हणाली.

"मग तू तिला सांगितलं नाहीस, हे खोटं आहे म्हणून?"

"तिला ठाऊक होतें. तिला तशीच मजा येत होती." मग कागद गोळा करू लागली. जाताना म्हणाली, "काल तुम्ही तिला वर बोलावलेंत. तुमचा मला फार राग आला आहे. अजून आहे. कधीं जाईल ठाऊक नाही."

तिचा राग मला समजतो. माझा समजत नाही. सकाळपासून शोधतो आहे की कोणावर काढावा. कृष्णाजी, रघोजी, सीतारामराव, शिवकाशीचा छापखाना, सगळ्यांची नावं मनात घेऊन पाहिली. एकावरही बसेना. डॉक्टरांनी कागदावर काढा म्हणून सांगितलं, पण असा राग कसा काढतात ते सांगितलं नाही.

९ एप्रिल

आज जेवणं झाल्यावर टीव्ही लावला नाही. मागच्या खोलीत गेलो. विद्या चटईवर उपडी पडून पाय हलवत होती. वरलक्ष्मी स्वयंपाकघरात आवरत होती, भांड्यांचा आवाज येत होता. कपाटावरून पहिली प्रत काढली आणि चटईच्या कडेला बसलो. खाली बसायची सवय नाही, गुडघे वाजले. चष्मा लावला.

विद्याने मान वळवून पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून बसली. चेहरा एकदम उतरला.

"अम्माला बरें नाही कां?"

"बरी आहे. कां?"

"मग तुम्ही कां आलांत?"

मी काहीतरी बोलणार होतो. पहिलं पान उघडलेलं होतं, माझी मिशी, माझं पोट, आणि त्याच्या मांडीवर रेललेली पोर.

"अम्मा बरी आहे," मी पुन्हा म्हणालो. "तू निज. मी वाचतो."

तिला पटलं नाही. ती चटईवरून उठली, माझे पाय सांभाळून ओलांडून गेली, आणि आपल्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला स्वयंपाकघराकडे धावली.